तिसरं ‘तापीपार’

प्रकाशाच्या घाटावर धुणं घेऊन आलेल्या बाईला आधी गाणं ऐकू आलं.

सकाळची वेळ. तापीवर धुकं होतं. गाणं संपलं, क्षणभर शांतता झाली आणि तेच गाणं पहिल्यापासून पुन्हा सुरू झालं. भरत डीजेचं ‘तापीपार’. दर लग्नात वाजणारं, त्यामुळे बाईला त्याचं काही वाटलं नाही. पण घाटावर माणूस कुठेच दिसत नव्हता.

शेवटच्या पायरीवर, पाण्याला लागून, बायकी चपला नीट जोडून ठेवल्या होत्या. शेजारी कापडी पिशवी. गाणं त्या पिशवीतून येत होतं.

बाईनं धुण्याचं टोपलं तिथंच टाकलं आणि ती धावत वर आली.

उपनिरीक्षक रमिला वसावे पोचली तेव्हा घाट माणसांनी भरला होता. गाणं अजून वाजतच होतं. फोनला हात लावायचं धाडस कोणी केलं नव्हतं. रमिलानं रुमालात धरून तो उचलला आणि गाणं थांबवलं, तेव्हा सगळ्यांनीच श्वास सोडला.

फोनच्या पडद्यावर फोटो होता. जागृती. म्हसावदच्या वरच्या अंगाला असलेल्या पाड्यावरची, लग्नाकार्यात गाणारी पोरगी. परवा दुपारी शहाद्याला जाते म्हणून घरातून निघाली ती परत आली नव्हती. तक्रार ठाण्यात कालच नोंदवली होती.

तिचा बाप खात्या पायरीवर उकिडवा बसला होता. नदीकडे बघत नव्हता. घरी तो पावरी बोली बोलायचा. पोलिसांपुढे तोडक्यामोडक्या अहिराणीत बोलला.

“मन्ही पोर पान्याले भ्यास, ताई. गुडघाभर पानीमा बी ती उतरस नही. ती नदीमा कसाले जाई?”

“हे गाणं तिच्या आवडीचं होतं?”

खात्यानं मान खाली घातली. “हाई गानं तिले नको वाटे. लगीनमा वाजनं की ती उठी जाये.”

“का?”

उत्तर खात्याच्या खांद्यावर हात ठेवून बसलेल्या माणसानं दिलं. पांढरे कपडे, कपाळाला गंध. युवराज आप्पा. एकेकाळी उसाच्या टोळीचा मुकादम, आता कोरीटला मिरची वाळवायची पथारी चालवणारा.

“पोरनी माय तापीपार गयी व्हती ना, मॅडम. लोकं हसतस.”

रमिलाला वेगळं सांगावं लागलं नाही. त्या भागात नवऱ्याला सोडून दुसऱ्याबरोबर गेलेल्या बाईला ‘तापीपार गेली’ म्हणतात. जागृती लहान असताना तिची आई टोळीबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेली होती. खात्याचा पाय मोडला होता, म्हणून तो लेकीला घेऊन घरीच राहिला. टोळी परतली, बायको परतली नाही. कुठल्याशा ट्रकच्या ड्रायव्हरबरोबर पळाली, असं टोळीनं सांगितलं. त्या टोळीचा मुकादम युवराज आप्पाच होता.

“जागृतीला शेवटचं कधी पाहिलंत, आप्पा?”

“वरीस व्हई गयं. म्हसावदले एक लगीनमा गाई ऱ्हायनी व्हती.”

“तिनं नवं गाणं केलंय म्हणतात. त्याचंही नाव ‘तापीपार’च. ऐकलंत?”

“नही बा. ते अजून बाहेर कोठे उनं शे? शहादाना एक पारस करीसन पोऱ्या शे, तो करी ऱ्हायना इतलंच ठावकं. त्यानं मी तोंड बी देखेल नही.” मग आप्पा जवळ सरकले. “चुनीलालले पकडा, मॅडम. नंदुरबारना बॅन्डवाला. पहिलं तापीपार त्यानं. मन्हा गानानं नाव चोरं म्हनीसन त्यानी पोरले फोनवर धमकी दिधी व्हती. तुले तापीमा बुडाडसू, अशी.”

हे खरं होतं. तक्रारीत खात्यानंही चुनीलालचं नाव घेतलं होतं.

काठावर बायका पसरल्या होत्या. झुडपं चाळत, एकमेकींना हाका मारत. वीस-पंचवीस तरी असतील.

“ह्या कोण?”

“मन्ह्या पथारीवरन्या. ऐन मिरचीना दिवस शेत, पन काम बंद ठेवं आनि बठ्ठ्यास्ले गाडीमा बसाडी आनं. काल बी बंद, आज बी. पोर आपलीच शे.”

खात्यानं डोळे पुसले. आप्पांच्या हातावर त्यानं आपला हात ठेवला.

रमिलानं चपला पिशवीत भरल्या. चपलांच्या तळाला काहीतरी पिवळट बी चिकटलं होतं. तिनं बोटानं ते खरवडून पाहिलं आणि हवालदार गिरासेला होड्या सोडायला सांगितलं. जरा वेळानं सवयीनं तिनं डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावलं.

डोळा भगभगला. ती नळाखाली तोंड धरून उभी राहिली तरी आग थांबेना.

मिरची होती ती. आणि प्रकाशाच्या त्या घाटावर मिरची कुठेच नव्हती.

शहाद्याला पारस जैनचं मोबाइलचं दुकान होतं. मागच्या खोलीत भिंतीला गाद्या ठोकून त्यानं गाणी रेकॉर्ड करायची सोय केली होती. दुकानाच्या ओट्यावर मिरचीची पोती रचलेली. त्याचे आजोबा केवलचंद मिरचीचे व्यापारी. म्हणजे मिरची इथेही होती. पोत्यांजवळून जाताना रमिलाला शिंक आली आणि तिच्या मनात आलं, या पोराच्या घरातूनही ते बी आलं असेल.

पारसचा चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा होता.

“मॅडम, माझा कम्प्युटर गेला. परवा दुपारी जेवायला घरी गेलो, आलो तर मागचं कुलूप तोडलेलं. नवे मोबाइल तसेच पडलेले, गल्ल्याला हात नाही. फक्त कम्प्युटरचा डबा नेला.”

“तक्रार का नाही केलीस?”

“भीती वाटली. आधी चुनीलालकाका येऊन दुकानात ओरडून गेले होते. मग जागृती सापडेना. उद्या माझ्यावरच येईल, असं वाटलं.”

“तिचं गाणं त्या कम्प्युटरमध्ये होतं?”

“तिथेच होतं. दुसरी प्रत तिच्या फोनमध्ये.”

फोन रमिलानं आधीच पाहिला होता. त्यात त्या नाचाच्या गाण्याशिवाय एकही गाणं उरलेलं नव्हतं.

“गाणं कसं होतं?”

“दुःखाचं. ढोलकी नाही, काही नाही. नदीकाठच्या बाभळीला झोळी टांगलेली आहे, झोळीत तान्हं आहे, आणि आई गाडीची वाट बघतेय. गाडी काही येत नाही. एवढंच. रेकॉर्ड करताना माझ्याच अंगावर काटा आला. मी म्हटलं, जागृती, हे चालणार नाही. निदान नाव तरी बदल. आधीच दोन ‘तापीपार’ आहेत. चुनीलालचं कॅसेटच्या काळातलं, वरातीच्या गाडीचं. भरतचं आताचं, मोटारसायकलवाल्या पोरीचं. तुझं त्यांच्यात हरवून जाईल.”

“मग?”

“हसली. म्हणाली, उलटं होईल पारसभाऊ. लोक ती दोन शोधायला येतील आणि त्यांना माझं सापडेल. मला सगळ्या तालुक्यानं ऐकायला हवंय.”

“आणखी कोणी ऐकलं होतं?”

“नाही. बापालाही ऐकवलं नव्हतं तिनं. बाहेर येईल तेव्हाच बा ऐकेल, म्हणाली. तिनं आणि मी, बस.”

“चुनीलालनं?”

“त्यांनी फक्त नाव ऐकलं. त्यावरच भडकले.”

“युवराज आप्पा इथं कधी आले होते?”

“कोण युवराज आप्पा?” पारसनं विचारलं.

जीपमध्ये बसल्यावर रमिलाच्या डोक्यातून ते गाणं जाईना. तिचंही बालपण डोंगरातलं. तिच्याही घरची माणसं ऊसतोडीला जात. गाडीची वाट बघणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. पण घाटावरचं काहीतरी त्याहून जास्त खुपत होतं.

पाण्याला भिणारी पोरगी नदीत उतरली. नकोसं वाटणारं गाणं लावून उतरली. चपला इतक्या नीट जोडून ठेवल्या की कोणाला शंकाच येऊ नये. हे जागृतीनं केलेलंच नव्हतं. तिला नीट न ओळखणाऱ्या कोणीतरी ते मांडून ठेवलं होतं.

जीव दिला असं दाखवायचं, तर प्रेत नदीत हवं. प्रेत नाही. होडीवाले सकाळपासून गळ टाकून दमले.

म्हणजे ती मेलेली नसेल. अजून नसेल. कोणीतरी तिला आधीच मेलेली ठरवून ठेवलं होतं. आता तिचं काय करायचं, हे तो सवडीनं ठरवू शकत होता. नंतर नदीत प्रेत सापडलं तर कोणीही काही विचारणार नव्हतं.

“नंदुरबार,” ती ड्रायव्हरला म्हणाली. “जरा जोरात घे.”

चुनीलाल बॅन्डच्या दुकानात, पितळी वाद्यांच्या मध्ये बसला होता. पोलिसांची गाडी बघून तो उठला आणि लगेच बसला. गावात सगळीकडे मिरचीचा खाट, नाकात झोंबणारा खकाणा, भरलेला. त्याच्या खोकल्यानं बोलणं तुटत होतं.

“मी धमकी दिधी, ताई. नही म्हनस नही. पन ती तोंडमाईन निंघनी आनि तठेच सरनी. मी माशी बी मारस नही.”

“परवा दुपारी कुठं होतात?”

“तळोदाले, हळदमा. वाजाडी ऱ्हायनू व्हतू. बठ्ठा गाव साक्षी शे.”

“एका नावावरून एवढा राग?”

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “नावच ऱ्हायनं शे मन्हाजोडे. मन्हा तापीपारवर लोकं नाचेत. भरतनं उनं, मन्हं इसरी गयात, आते त्यान्हावर नाचतस. आते हाई पोर उनी. उद्या तिन्हावर नाचतीन. मंग मन्हं काय ऱ्हाई, सांगा?”

रमिलानं त्याला पाणी प्यायला लावलं आणि ती उठली. जाताना तळोद्याला फोन लावून तिनं हळदीची खात्री करून घेतली. चुनीलाल तिथंच होता, दिवस मावळेपर्यंत.

उन्हं कलली होती. गावाबाहेर पडताना तिचा फोन वाजला. युवराज आप्पा.

“पकडं का मॅडम, चुन्याले?”

“चौकशी चालू आहे. तिकडं काही सापडलं?”

“काहीच नही. खात्या रडी ऱ्हायना, देखवस नही.” आप्पांनी उसासा टाकला. “काय सांगू तुम्हले. एक नावना तीन गाना. दोन नाचाडनारा, एक रडाडनारं. तेवढामा त्या बुढानं डोकं फिरनं. पकडी ल्या त्याले.”

“हो,” रमिला म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन-तीन शेतं मागे गेली असतील. मग तिला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं.

“थांब,” ती ओरडली. “कोरीटकडे वळव.”

पथारीवर चिटपाखरू नव्हतं. नजर जाईल तिथवर जमिनीवर लाल मिरची पसरलेली. उतरत्या उन्हात ती जास्तच लाल दिसत होती. एरवी या वेळी इथं बायकांचा गलबला असतो, देठ खुडणं, पोती भरणं. आज वाऱ्यानं मिरची सळसळत होती, तेवढाच आवाज. राखणीलाही कोणी ठेवलेलं नव्हतं.

ऐन हंगामात मालक एवढी मिरची उघडी टाकून जातो आणि राखणदारही काढून घेतो. कशासाठी?

कडेला पत्र्याचं गोदाम होतं. कुलूप नवंकोरं. रमिलानं दाराला कान लावला.

काही नाही.

तिनं पत्र्यावर थाप मारली. “जागृती!”

काही नाही. मग आतून, अगदी खालून, खोकल्याची दबलेली उबळ आली. तोंडावर हात दाबून कोणी खोकावं तशी.

ड्रायव्हरनं जीपमधली टॉमी, लोखंडी पहार, आणली. कुलूप तुटलं आणि आतून आलेल्या खाटानं दोघंही मागं हटले. आत घमेल्यात मिरची जाळलेली होती. पोत्यांच्या थप्पीमागं जागृती पडली होती. हातपाय बांधलेले, तोंडावर फडकं. डोळे सुजून मिटलेले. शेजारी एक कम्प्युटरचा डबा होता, पारसच्या दुकानाची चिकटपट्टी त्यावर तशीच होती.

रमिलानं फडकं सोडलं. पोरगी आधी मागं सरकली.

“मी पोलीस आहे. रमिला. धडगावची.”

मग पोरीनं तिचा हात जो धरला तो सोडला नाही.

“मी सांगी टाकं, ताई. नाव सांगी टाकं. दुपारले तो उना, परत धूर करा. माले ऱ्हावाई नही.”

“कोणाचं नाव?”

“बेबीमावशीनं नाव. तिनीच माले बठ्ठं सांगेल व्हतं.”

“कुठं असते ती?”

“अठेच. ह्याच पथारीवर. ती त्यान्हा टोळीमा व्हती.”

पथारीवरच्या सगळ्या बायका आता कुठे होत्या, ते तिनं सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं गिरासेला फोन लावला.

“गिरासे, बायकांत बेबीबाई नावाची कोण आहे?”

“आहे ना मॅडम. आत्ताच आप्पांनी तिला होडीत घेतलं. पलीकडचा काठ बघून येतो म्हणाले.”

“होडीत आणखी कोण?”

“कोणी नाही. नावाडी दमलाय म्हणून आप्पांनी त्याला उतरवलं. स्वतःच वल्हवताहेत.”

“गिरासे, नीट ऐक. होडी परत आण. मासेमारीच्या जेवढ्या होड्या आहेत तेवढ्या पाण्यात घाल, शिट्टी मार, ओरड, काहीही कर. आणि बेबीबाईवरची नजर काढू नकोस. ती दिसेनाशी झाली तर ती मेली, समज.”

जागृतीला दवाखान्यात न्यायचं होतं. तिनं नकार दिला. “पहिले मावशीले देखू दे.” शहाद्याचा रस्ता प्रकाशावरूनच जातो. ड्रायव्हर आयुष्यात कधी चालवली नसेल तशी गाडी चालवत होता. मागच्या सीटवर रमिला बाटलीतलं पाणी जागृतीच्या डोळ्यांवर सोडत होती. गाडीच्या धक्क्यांनी निम्मं पाणी सांडत होतं. फोन मांडीवर होता. तो वाजत नव्हता. तिला तो वाजायला हवा होता आणि वाजेल याची भीतीही वाटत होती.

पुलावर गाडी आली तेव्हा तो वाजला.

“आणली मॅडम,” गिरासे धापा टाकत होता. “मधोमध पोचली होती. बाई जिवंत आहे.”

घाटावर दिवेलागण झाली होती. माणसं दाटीनं उभी होती. युवराज आप्पा मध्ये, हसऱ्या चेहऱ्यानं. बेबीबाई लांब, पायरीवर बसलेली. खात्याला काय चाललंय ते कळत नव्हतं.

रमिला एकटीच उतरली. जागृतीला तिनं गाडीतच थांबायला सांगितलं होतं.

“काय व्हयनं मॅडम? शोधाले जाई ऱ्हायनू व्हतू, तं तुम्हना हवालदार वरडाले लागना.”

“आप्पा, एकच विचारायचंय. जागृतीचं गाणं तुम्ही ऐकलंत?”

“सकायलेच सांगं ना. नही.”

“मग ते रडवणारं आहे, हे कसं कळलं?”

“कोन म्हने?”

“तुम्ही. फोनवर. दोन नाचवणारी, एक रडवणारं.”

“खात्यानी सांगं व्हई.”

खात्यानं मान वर केली. “माले ठावकं नही, आप्पा. तिनी माले आयकाडंच नही.”

“मंग त्या पारसनी.”

“पारसचं तुम्ही तोंडही पाहिलेलं नाही, असं सकाळी म्हणालात. तोही तुम्हाला ओळखत नाही.” रमिलाचा आवाज चढला नाही. “चुनीलालवर संशय होता ना? त्याला मी भेटून आले. तो म्हणतो, उद्या लोक जागृतीच्या गाण्यावरही नाचतील. ज्यानं ते ऐकलंय तो असं म्हणणार नाही. तालुक्यात ‘तापीपार’ म्हटलं की सगळ्यांना नाचायचं गाणंच आठवतं, चुनीलालचं नाहीतर भरतचं. तिसरं वेगळं आहे, हे तिला आणि पारसला सोडून एकालाच माहीत असणार. ज्यानं तिच्याकडून फोन हिसकावून ते ऐकलं आणि पुसून टाकलं त्याला.”

आप्पा हसले. त्यांचं हसणं तोंडातच वाळलं.

“चपलांना मिरचीचं बी होतं. मिरची पारसच्या ओट्यावर आहे, चुनीलालच्या गल्लीत आहे, तुमच्या पथारीवरही आहे. पण ऐन हंगामात पथारी तुम्ही एकट्यानं बंद ठेवली. मला वाटलं, केवढा मोठा माणूस. तुम्हाला फक्त तिथं कोणी खोकला ऐकायला नको होतं. बायकांना इथं आणलं म्हणजे पथारी मोकळी, आणि वर खात्याचे आशीर्वाद. तिच्या फोनवर गाणं लावून ठेवलंत ते मात्र चुकलं. ‘तापीपार’ वाजत राहिलं म्हणजे लोक समजतील, आईच्या बदनामीपायी तिनं जीव दिला. ते गाणं ती स्वतः कधीच लावणार नाही, हे बापाला ठाऊक होतं.”

“पुरावा काय शे?”

रमिलानं गाडीकडे पाहून हात केला.

जागृती उतरली. ड्रायव्हरनं तिला धरलं होतं. घाटावर कोणीतरी किंचाळलं. खात्या उठायला गेला आणि पडला, पुन्हा उठला, आणि लेकीच्या तोंडावरून हात फिरवत राहिला.

आप्पा पळाले नाहीत. पाण्यात होड्या होत्या, पायऱ्यांवर माणसं. गिरासेनं त्यांचे हात मागं घेतले.

“हे कशापायी केलं ते आता बेबीबाई सांगतील,” रमिला म्हणाली. “भिऊ नका, मावशी. तो आता कोणाचं काम बंद करू शकत नाही.”

बेबीबाई उभी राहिली. खात्याकडे न बघता ती बोलली.

टोळी ऊसतोडीहून परत येत होती. ट्रकमध्ये खात्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. तिला दिवस गेले होते हे घरी कोणालाच माहीत नव्हतं, तिथं गेल्यावरच तिला कळलं होतं. ती गाडीतच बाळंत झाली. रक्त थांबेना. बायकांनी दवाखाना म्हणून ओरडा केला. पण ट्रकमध्ये माणसं जनावरांसारखी कोंबलेली, त्यात लहान पोरंही तोडीला नेलेली. दवाखान्यात नेलं तर पोलीस येतील, म्हणून मुकादमानं तापीच्या पलीकडे तिला बाभळीखाली उतरवलं. दुसरी गाडी पाठवतो म्हणाला. बेबीबाईनं आपल्या लुगड्याची झोळी करून फांदीला बांधून दिली. ट्रक निघाला. दुसरी गाडी कोणी पाठवलीच नाही. मागं राहिलेलं सामान आणायला ट्रक दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं गेला, तेव्हा बेबीबाई त्यात होती. झोळी तशीच टांगलेली होती. रिकामी. खाली माणसाच्या लांबीएवढी ताजी माती ओढलेली. मुकादम म्हणाला, सगळ्यांनी सांगायचं, ती कुठल्याशा ट्रकच्या ड्रायव्हरबरोबर पळाली, आणि ज्याच्या तोंडून दुसरं काही निघेल त्याच्या घराला पुन्हा काम मिळणार नाही.

“इतला वरीस मी गप ऱ्हायनी,” बेबीबाई म्हणाली. “मांगना महिनामा जागृती एका लगीनमाईन रडत उठनी, मन्हाजोडे ईसन बसनी. बाया तिले मायनावरथीन हसेल व्हत्यात. मंग माले ऱ्हावनं नही. सांगी टाकं.”

जागृतीनं बाकीचं सांगितलं. गाणं करताना तिनं टोळीतल्या दुसऱ्या बायकांनाही त्या वर्षाचं विचारलं होतं. त्यातल्या एकीनं ते सहज आप्पांच्या कानावर घातलं. परवा शहाद्याच्या रस्त्यावर आप्पांनी गाडी थांबवली, बेबीमावशी पथारीवर आजारी आहे, तुला बोलावतेय म्हणाले. ती बसली. पथारीच्या वाटेवर, बायकांच्या नजरेआड तिला गोदामात कोंडण्याआधीच, त्यांनी फोन हिसकावून गाणं ऐकलं. ते पारसकडेही आहे म्हटल्यावर त्याच दुपारी त्यांनी त्याचं दुकान फोडलं. त्यांना एकच हवं होतं, हे तुला कोणी सांगितलं. ते कळेपर्यंत ती जिवंत राहणार होती.

आप्पांना गाडीकडे नेताना लोक बाजूला झाले. खात्या उठला. सगळ्यांना वाटलं, आता हा त्याच्या अंगावर जाणार. गिरासे मध्ये सरकलाही. पण खात्यानं आप्पांकडे पाहिलं नाही. तो बेबीबाईपुढं जाऊन उभा राहिला.

“पोऱ्या व्हता का पोर?”

“पोऱ्या,” बेबीबाई म्हणाली. “रडना बी व्हता. मोठा आवाज व्हता त्यान्हा.”

खात्यानं मान हलवली. पुन्हा हलवली. मग तो खाली पाण्यापाशी गेला. जागृती चाचपडत त्याच्यामागं गेली, रमिलानं तिला दंडाला धरून नेलं. पलीकडचा काठ अंधारात गेला होता. तिथं बाभळी होत्या की शेतं, काही दिसत नव्हतं.

बायको गेल्यापासून त्या माणसानं तिचं नाव घरात कोणाला घेऊ दिलं नव्हतं. लेकीलासुद्धा ते शेजाऱ्यांकडून कळलं होतं.

“रुमली,” तो म्हणाला. आधी हळू, मग कोणी ऐकावं एवढ्या मोठ्यानं. “रुमली!”